तेलाची फडकी सिंकखाली ठेवू नका, आणि त्या फॉरवर्डमधलं बाकीचंही

“जुनाट लाकडी किचन दोन दिवसांत नवंकोरं! ना सुतार, ना पेंटर!” हा फॉरवर्ड तुमच्याही फोनवर येऊन गेला असेल. माझ्याकडे तो आधीही आला होता, सोडून दिला होता. जुन्या फर्निचरला पॉलिश करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. असले प्रकार वाचून चिडायचं ठरवलं तर दिवस पुरायचा नाही. पण परवा मावशीने तोच पाठवला आणि खाली लिहिलं, “तेल आणून ठेवलंय. शनिवारी सुरू करते. तू नुसती बघायला ये.” आता गप्प बसणं शक्य नाही.

ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी त्यातलं म्हणणं थोडक्यात. व्हिनेगर आणि खायचं तेल समप्रमाणात घेऊन कपाटं पुसा, तेलकटपणा जातो आणि लाकडाला ‘पोषण’ मिळतं. पॉलिश पेपर मारायची गरज नाही, रंग कशावरही बसतो. आधीचा ऑइलपेंट असेल तर मात्र तो मशिनने कोरडा घासून उडवा. पांढऱ्या रंगाचे दोन कोट दिले की लाकडाच्या रेषा गायब. रंग दोन तासांत वाळतो, रात्री किचन वापरा. ज्यांना रंग नको त्यांनी डबल बॉइल्ड जवसाचं तेल चोळावं, ते ‘शंभर टक्के नैसर्गिक म्हणून शंभर टक्के सुरक्षित’. तेलाची फडकी टाकू नका, खोक्यात भरून सिंकखाली ठेवा, पुढच्या हाताला उपयोगी पडतात. मुठी बदला. आणि हे काही जमलं नाही तर सगळं तोडून टाका, कारण लाकूड वीस वर्षांत ‘मरतं’.

मी या क्रमाने जाणार नाही. यातल्या बहुतेक चुकांनी फार तर रंग आणि सुट्टी वाया जाईल. फडक्यांच्या चुकीने घर पेटेल.

जवसाचं तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही. ते हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं, त्याच्याशी क्रिया होऊन घट्ट होत जातं, आणि या क्रियेत उष्णता बाहेर पडते. दारावर पातळ हात दिलेला असतो तेव्हा ती हवेत निघून जाते, हाताला कळतही नाही. तेच तेल सुती फडक्यात भिनलं की धाग्याधाग्यावर पसरतं, हवेला लागणारा पृष्ठभाग कित्येक पटींनी वाढतो. त्यात फडकं चुरगाळून खोक्यात कोंबलं की आतली उष्णता गोधडीत गुंडाळल्यासारखी कोंडून राहते. तापमान वाढलं की क्रिया आणखी वेग घेते, क्रियेने वेग घेतला की तापमान आणखी चढतं. काही तासांत फडकं आपोआप पेटू शकतं. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही, घरात कोणी जागं असावं लागत नाही. बॉइल्ड म्हणून विकल्या जाणाऱ्या तेलात लवकर वाळावं म्हणून बहुधा धातूंची संयुगं घातलेली असतात. म्हणजे फॉरवर्डने नेमकं जास्त तापणारं तेल सुचवलंय, आणि ठेवायला जागा दिली आहे ती लाकडी कपाटाच्या आत.

“असं कधी होतं का?” असं मावशीनेही विचारलं. होतं. अमेरिकेत फिलाडेल्फियामध्ये वन मेरिडियन प्लाझा नावाची ३८ मजली इमारत होती. तिथे २२व्या मजल्यावर लाकडी पॅनेलिंगच्या पॉलिशचं काम चालू होतं. २३ फेब्रुवारी १९९१, शनिवार. कामगार तेलाची फडकी तिथेच टाकून गेले. रात्री आग लागली, ती सुमारे १९ तास जळत राहिली. वर चढत चढत ३०व्या मजल्यावर पोचली आणि तिथे स्प्रिंकलर, म्हणजे आग लागली की आपोआप पाणी फवारणारे नळ, होते म्हणून थांबली. अग्निशमन दलाचे ३ जवान गेले. इमारत पुन्हा कधी वापरात आली नाही, १९९९ मध्ये ती उतरवून टाकली. तिथल्या सरकारी अग्निशमन प्रशासनाने या आगीवर सविस्तर अहवाल काढला आहे आणि त्यात कारण स्वच्छ लिहिलंय: जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी. लाकडाला तेल चोळायचं काम, म्हणजे मावशी शनिवारी करायला निघाली होती तेच.

त्यामुळे तेल लावायचंच असेल तर फडकी एकेक सुटी, सपाट पसरून उघड्यावर फरशीवर किंवा दगडावर वाळवा. एकावर एक नको, घडी नको, दोरीवर दुहेरी टाकलेलं नको. कडक, खडखडीत झाली की मग कचऱ्यात. नाहीतर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाणी भरून त्यात बुडवून ठेवा. टंग ऑइल, डॅनिश ऑइल आणि वाळणारं तेल असलेल्या सगळ्याच पॉलिशना हाच नियम. तेल म्हणून जवस वाईट नाही, हे मी खळखळ करत का होईना मान्य करते. शतकानुशतकं लाकडाला ते लावत आले आहेत. पण त्याच्या डब्यावर धोक्याची सूचना छापलेली असते, ती ‘नैसर्गिक’ या शब्दाने पुसली जात नाही. शिवाय ओट्यालगतच्या दारांवर नुसतं तेल पाण्यापुढे फार टिकत नाही, दरवेळी नव्याने हात द्यावा लागतो. आणि दारावर जुनं वॉर्निश किंवा लॅकर शाबूत असेल तर तेल आत मुरतच नाही, वर चिकट थर होऊन बसतं.

दुसरी घातक गोष्ट म्हणजे जुना ऑइलपेंट मशिनने कोरडा घासणं. जुन्या रंगांमध्ये शिसं असायचं. अमेरिकेने घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी घातली, बऱ्याच देशांत ती त्यानंतर कितीतरी वर्षांनी आली. म्हणजे आजीच्या काळातल्या रंगवलेल्या कपाटात शिसं असण्याची शक्यता कल्पनेतली नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की रक्तातल्या शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी माहीत नाही. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो आणि तो भरून येत नाही. मशिन लावलं की हा रंग पिठासारखा बारीक होऊन भांड्यांवर, ओट्यावर, रांगत्या पोराच्या हातांवर बसतो. तोंडाला रुमाल बांधून उपयोग नाही, आणि साधा व्हॅक्यूम क्लीनर तीच बारीक धूळ मागून पुन्हा खोलीत सोडतो. रंग किती जुना आहे ठाऊक नसेल तर आधी शिशाची तपासणी करून घ्या. तो घट्ट बसलेला असेल तर उडवायची गरजच नसते. धुऊन, वॉटर पेपर ओला ठेवून वरची चकाकी मारली की नवा हात देता येतो. पोपडे सुटले असतील आणि तपासणीत शिसं निघालं तर ते काम माहीतगाराचं, तुमचं नाही.

आता व्हिनेगर आणि तेल. तेलकट कपाट तेलाने पुसायची कल्पना ज्याला सुचली त्याने स्वतःचं किचन कधी पुसलं नसावं. जुन्या लाकडी कपाटाचा खरा शत्रू पाहायचा असेल तर रोज उघडल्या जाणाऱ्या एखाद्या दाराच्या मुठीजवळ जा. मुठीच्या खाली तळहाताएवढी काळपट जागा दिसेल. तिथे नखाची कड दाबून ओढा. नखाखाली तपकिरी, मऊ, मेणासारखी सुरळी येते. त्यात तळणाची वाफ आहे, हाताचा घाम आहे, आणि त्या दोघांनी मऊ करून टाकलेलं मूळ पॉलिशही आहे. व्हिनेगर म्हणजे साधारण ५ टक्के ॲसिटिक आम्ल. नळावरचे पांढरे डाग काढायला ते उत्तम, पण हा चिकटा आम्लाला दाद देत नाही. त्याला कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण लागतो, फारच जुना असेल तर धुण्याचा सोडा अगदी पातळ करून. नंतर साध्या पाण्याचं फडकं आणि लगेच कोरडं पुसणं. ‘पोषण’ वगैरे काही नसतं. कापलेल्या लाकडातल्या पेशी केव्हाच मेलेल्या असतात, त्यांना भूक लागत नाही. खायचं तेल मात्र त्या रेषांमध्ये राहतं, नीट वाळत नाही, आणि वर रंग दिला की रंग तिथून मागे सरकून माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात.

‘पॉलिश पेपर नको’ यात अर्धं खरं आहे, म्हणूनच ते पसरतं. नागव्या लाकडापर्यंत खरवडायची खरोखरच गरज नसते. उलट बऱ्याच ‘लाकडी’ दारांच्या मधल्या भागावर व्हिनियर, म्हणजे खऱ्या लाकडाचा चिकटवलेला पातळ पापुद्रा, असतं, ते अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचं. त्यावर मशिन फिरवलं तर क्षणात आरपार, आणि मग ते दार गेलं. पण चकाकी मारावीच लागते. १८० किंवा २२० नंबरचा पेपर हाताने, रेषेच्या दिशेने, एवढाच की पृष्ठभाग मंद दिसायला लागावा. धूळ पुसा, मग चिकटून बसणारा प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हात, द्या. पटत नसेल तर दाराच्या आतल्या बाजूला दोन नमुने करा, एक घासून, एक न घासता. काही दिवस जाऊ द्या, ब्लेडने बारीक चौकटी पाडा, चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा. कोणता रंग पट्टीबरोबर येतो ते बघा आणि मग मला येऊन सांगा.

रेषा दोन कोटांत गायब होत नाहीत. ओकसारख्या लाकडाची छिद्रं उघडी असतात, रंग त्यांच्यात बसतो पण त्यांना भरत नाही. सपाट पृष्ठभाग हवा असेल तर लांबी किंवा ग्रेन फिलर भरून पुन्हा घासावं लागतं. त्याहून वाईट म्हणजे टॅनिन, लाकडात मुळातच असणारं तपकिरी द्रव्य, आणि गाठींमधली राळ. ओक, महोगनी यांच्यातून आणि पाइनच्या गाठींमधून पाण्यावरच्या पांढऱ्या रंगात पिवळे-तपकिरी डाग वर येतात, कितीही कोट चढवा. त्याला शेलॅकवर, म्हणजे लाखेवर बनवलेला, डाग अडवणारा प्रायमर लागतो. फॉरवर्डमध्ये ‘प्रायमर’ हा शब्दच नाही.

दोन तासांत वाळतो तो हाताला. आतून टणक व्हायला पाण्यावरच्या एनॅमल रंगाला तीन-चार आठवडे लागू शकतात. तोवर दार चौकटीला चिकटतं आणि उघडताना रंगाचा पापुद्रा घेऊन येतं. दारं शक्य तितकी उघडी ठेवा, कोपऱ्यांना रबरी टिकल्या लावा, ओल्या फडक्याने पुसू नका. पुढे.

लाकूड वीस वर्षांत मरतं म्हणे. जपानमधल्या होर्यूजी मंदिराच्या लाकडी इमारती सुमारे १३०० वर्षं उभ्या आहेत. लाकडाला संपवतं पाणी आणि वाळवी, वय नाही. सिंकखालच्या खणात टोकदार पेचकस घेऊन तळाची फळी आणि मागचे कोपरे टोचून बघा. टोक लोण्यात गेल्यासारखं आत गेलं तर तेवढा खण बदला. तिथे भुशाची दाबलेली फळी असेल आणि ती पाण्याने फुगली असेल तर ती पुन्हा बसत नाही, हेही खरं. पण त्या एका फळीसाठी बाकीचं भरीव लाकूड तोडून त्या जागी एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या तंतूंची दाबलेली फळी, आणायची? पाण्यापुढे साध्या एमडीएफची काय अवस्था होते ते कापलेल्या कडेवर ओलं फडकं रात्रभर ठेवून बघा.

राहिल्या मुठी. हा सल्ला बरोबर आहे, मान्य. उलट माझं म्हणणं, सुरुवात तिथूनच करा, आणि वरच्या कपाटांच्या खाली दिव्याची पट्टी लावा. कित्येक किचन जुनाट दिसतात ती लाकडामुळे नाही, पिवळट अंधारामुळे आणि काळवंडलेल्या पितळी मुठींमुळे. नुसतं धुऊन, या दोन गोष्टी बदलून लोक रंगाचा विचार सोडून देतात. पण मूठ आणण्याआधी जुन्या दोन भोकांमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. नव्या मुठी बहुधा ९६ किंवा १२८ मिलिमीटरच्या असतात, जुन्या कित्येकदा ७६च्या. ९६ची मूठ ७६च्या भोकांवर बसत नाही. मग जुनी भोकं बुजवा, रंग जुळवा, नवी पाडा, आणि पॉलिश केलेल्या दारावर ती बुजवलेली भोकं आयुष्यभर दिसत राहतात. रुंद मागची पट्टी असलेली मूठ घेतली तर ती झाकली जातात. बिजागऱ्याही बदलायच्या असतील तर थोडं थांबा. लपणाऱ्या बिजागरीला दाराच्या मागे ३५ मिलिमीटर व्यासाचं, साधारण १२ मिलिमीटर खोल भोक लागतं. दाराची चौकट १६ मिलिमीटरहून पातळ असेल तर ड्रिलचं टोक पुढून बाहेर येऊ शकतं, तेव्हा जुन्याच बिजागऱ्या काढून, घासूनपुसून, तेल देऊन परत बसवा.