माझा मेल तुमच्याकडे नाही, मग तो त्याच्या मोबाइलवर कसा गेला?

आज सकाळी टपालाने माझ्या माहिती अधिकारातल्या प्रथम अपिलाचा निर्णय आला आणि तेव्हापासून डोकं तापलंय. पाऊण पान मजकूर, त्यात कामाचं वाक्य एकच. 'सदर ई-मेल कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही.'

गेल्या जुलैत आमच्या मागच्या ओढ्यात रात्री डंपरने राडारोडा टाकत होते. पहिल्याच मोठ्या पावसात तळमजल्यावरच्या घरांत पाणी शिरलं. मी फोटो काढले, डंपरचे नंबर आणि वेळा लिहून ठेवल्या आणि सरकारी कार्यालयाच्या वेबसाइटवर दिलेल्या पत्त्यावर तक्रारीचा मेल केला. खाली नाव, पत्ता, मोबाइल नंबर सगळं दिलं, कारण निनावी तक्रार कुणी हातात घेत नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी दोन माणसं आमच्या दारात आली. आई घरात एकटी होती. त्यांनी तिला मोबाइल दाखवला. त्यावर माझा मेल! कागदावर छापून त्याचा फोटो काढलेला, माझ्या नंबराखाली पेनाने रेघ मारलेली. 'मुलीला सांगा, हे उद्योग बंद कर म्हणावं,' एवढं बोलून गेले. आई तेव्हापासून दाराची साखळी काढत नाही. दूधवाला आला तरी फटीतून पिशवी घेते.

म्हणजे मेल पोचला होता. कुणीतरी तो उघडला, छापला, त्याचा फोटो काढला आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार होती त्यालाच पाठवला. आणि आता म्हणे तो आढळून येत नाही!

मी माहिती अधिकारात अर्ज केला. जोडपत्र 'अ' म्हणजे ठरलेला अर्जाचा नमुना, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दीडशे शब्दांच्या आत तीन साधे प्रश्न. मेल कुणी उघडला, पुढे कुणाकडे गेला, त्यावर काय केलं. तीस दिवस थांबून मिळालं 'माहिती उपलब्ध नाही'. मग अपील. सुनावणीला गेले तर गेटवरच्या माणसाने माझ्या आधार कार्डाचा फोटो स्वतःच्या मोबाइलवर काढून घेतला. मी म्हटलं, हा फोटो कुठे जाणार? तो म्हणाला, ग्रुपवर टाकावा लागतो. कुठल्या ग्रुपवर? त्यात कोण कोण आहे? उत्तर नाही. मागे रांग होती, लोक चिडायला लागले होते, मी आत गेले. गप्प आत गेले याचा राग अजून जात नाही.

आत मला तोंडी काय सांगितलं ते ऐका. तो मेल आयडी आधीच्या साहेबांच्या काळात कुणीतरी फुकटच्या खासगी सेवेवर उघडलेला. मेलबॉक्स भरला की जुने मेल काढून टाकतात. पासवर्ड ज्या ऑपरेटरकडे होता त्याचं कंत्राट संपलं. यातला एकही शब्द लेखी निर्णयात नाही. अपील ऐकणारे अधिकारीही त्याच कार्यालयातले, शेजारच्या केबिनमधले.

मेल काय रद्दी आहे का, भरला की काढून टाकायला? माहिती अधिकार कायद्यात 'माहिती'च्या व्याख्येतच ई-मेल हा शब्द लिहिलेला आहे, २००५ पासून. महाराष्ट्राचा सार्वजनिक अभिलेखांचा कायदाही २००५ चा, आणि संगणकावर तयार झालेला मजकूर त्यात अभिलेखच आहे. असे अभिलेख परस्पर नष्ट केले तर ५ वर्षांपर्यंत कैद, नाहीतर १० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कागदाच्या बाबतीत हीच माणसं किती काटेकोर असतात! 'अ' वर्गाचा कागद कायम ठेवायचा, 'ब' वर्गाचा तीस वर्षं, 'ड' वर्गाचा एक वर्ष, लाल फडक्यात बांधून गठ्ठ्यावर चिठ्ठी. एक वर्षाच्या 'ड' कागदाला जी किंमत आहे, तेवढीही माझ्या मेलला नाही?

आणि आमचं काय काय जपून ठेवतात ते बघा. २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इनने, म्हणजे केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने, निर्देश काढले. व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवर ओळख झाकणारी सेवा, देणाऱ्या कंपन्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, फोन नंबर तो ग्राहक सोडून गेल्यावरसुद्धा ५ वर्षं ठेवायचा. त्याच निर्देशांत संगणक यंत्रणांचे लॉग, म्हणजे कुणी कधी काय केलं याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी, १८० दिवस सांभाळायचं बंधन आहे आणि ते सरकारी कार्यालयांनाही लागू आहे. मी अर्ज केला तेव्हा माझ्या मेलला दोन महिनेसुद्धा झाले नव्हते. लॉग मागितले तर समोरच्या माणसाने विचारलं, लॉग म्हणजे काय हो?

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली देशाची सुरक्षा वगैरे कारणं देऊन सरकारला कुणाचेही मेल वाचता येतात. २० डिसेंबर २०१८ च्या आदेशाने केंद्राने १० यंत्रणांना तो अधिकार दिला. परवानगी गृह सचिव देतात, न्यायाधीशाची सही लागत नाही, आणि फेरआढावा घेणाऱ्या समितीतही सचिवच. आणि त्याच कलमाच्या २००९ च्या नियमांपैकी नियम २३ मी पहिल्यांदा वाचला तेव्हा विश्वासच बसला नाही. पाळत ठेवल्याच्या आदेशांच्या नोंदी, कामासाठी लागणार नसतील तर, दर सहा महिन्यांनी नष्ट करायच्या! म्हणजे माझा मेल कुणी वाचला हे मला कधीच कळू नये याची सोय नियमातच आहे. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो हक्क माझ्या आईच्या दारापर्यंत कधी येणार?

आता पुढची भीती वेगळीच आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं कलम ८(१)(ञ) बदललं, म्हणजे वैयक्तिक म्हणून माहिती नाकारता येते ते कलम. आधी त्या कलमातच जनहिताची वाट होती, ती काढून नुसतं 'वैयक्तिक माहिती' एवढंच ठेवलं. जनहितासाठी ८(२) अजून शिल्लक आहे, पण ते वापरायचं की नाही हे ठरवणार तेच अधिकारी. मी पुन्हा विचारलं की मेल कुणी उघडला, तर कर्मचाऱ्याची वैयक्तिक माहिती म्हणून दार लावतील. ज्याने माझा नंबर गुंडांना दिला त्याचं नाव वैयक्तिक, आणि माझं नाव, नंबर, घर? ते कुणी राखायचं होतं?

दुसरं अपील आजच भरलंय, जोडपत्र 'क', राज्य माहिती आयोगाकडे. तारीख कधी लागेल ते लागेल. त्या दोन माणसांबद्दल पोलिसांत वेगळा अर्ज दिलाय, त्याची पोच मात्र शिक्क्यासकट घेतली.

काल रात्री दीड वाजता ओढ्याकडे पुन्हा डंपर आला. मी नंबर लिहून घेतला, फोटोही काढला. आई म्हणते, या वेळी नाव घालू नकोस. नाव नाही घातलं तर तक्रार घेणार नाहीत. घातलं तर ते कुठे जातं हे आम्ही दोघींनी पाहिलंय.