पिथिआस थापाड्या नव्हता: एका प्रतिक्रियेला उत्तर

पिथिआस हा इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला ग्रीक दर्यावर्दी, आणि स्ट्रेबो हा त्याच्यानंतर सुमारे तीनशे वर्षांनी झालेला ग्रीक भूगोलकार. पिथिआसवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. "स्ट्रेबोनेच ज्याला खोटारडा ठरवलं, त्या पिथिआसच्या थापा तुम्ही इतिहास म्हणून खपवता. आधी मूळ ग्रंथ वाचा." शिवाय थुले (पिथिआसने वर्णन केलेला दूर उत्तरेचा प्रदेश) म्हणजे आइसलँडच, असं मी ठोकून दिलं, ही तक्रार. ती मान्य. नॉर्वेचा किनाराही असू शकतो. 'बहुधा' हवं होतं, आता घातलं आहे.

पण 'खपवता' हा शब्द कशासाठी? बारा वर्षं या विषयावर लिहितो आहे, स्ट्रेबोच्या भूगोलाचे सतराही भाग वाचून लिहितो. मतभेद सांगा, नियत कशाला काढता?

आता स्ट्रेबोचंच बघू. वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी, सपाट जागेवर ओळंब्यात उभ्या केलेल्या शंकूची, म्हणजे सरळ काठीची, भर दुपारची सावली मोजायची. शंकूचे 120 भाग, तर बायझँटियमला, आजच्या इस्तंबूलला, सावली 42 ला पंचमांश कमी, म्हणजे 41.8, असं स्ट्रेबो देतो. हेच गुणोत्तर पिथिआसला मस्सालियात, आजच्या मार्सेयला, मिळालं होतं, हे ग्रीक खगोलशास्त्रज्ञ हिपार्कसचं म्हणणंही तोच नोंदवतो.

करा हिशेब. सूर्य माथ्यापासून 19.2 अंश ढळलेला. त्यात पृथ्वीच्या आसाचा तेव्हाचा कल, 23.7 अंश, मिळवला की त्या जागेचा अक्षांश मिळतो: 42.9. सावलीचं टोक सूर्याच्या मध्याऐवजी वरच्या कडेमुळे ठरतं, त्यामुळे सावली किंचित आखूड पडते आणि उत्तर पाव अंशाने कमी येतं. तेवढं वाढवा: सुमारे 43.2. मार्सेय आहे 43.3 वर!

इस्तंबूल मात्र 41 वर. म्हणजे आकडा मार्सेयला चपखल बसतो, इस्तंबूलला नाही. स्ट्रेबोने मात्र बायझँटियमचा आकडा धरला आणि मार्सेय त्याच्याही दक्षिणेला ढकललं. दोन अंशांहून जास्त उत्तरेला असलेलं शहर! मग चुकलं कोण?

थुलेकडचं ते 'सागरफुप्फुस'ही तुम्हाला थाप वाटतं. जमीन, पाणी, हवा यांचा असा काला, की त्यावर चालता येत नाही आणि नावही हाकता येत नाही. गोठू लागलेल्या समुद्रावरचा बर्फाचा लगदा असाच असतो. आणि फुप्फुसासारखं ते आपण स्वतः पाहिलं, बाकीचं ऐकीव आहे, असं पिथिआसने सांगितल्याचं स्ट्रेबोनेच लिहून ठेवलंय. थापाड्या माणूस पाहिलेलं आणि ऐकलेलं असं वेगळं करत बसत नाही.

तुमच्या बाकीच्या ओळींत उत्तर देण्यासारखं काही नाही.