ग्रीनची वाट कार्टने लागत नाही

गोल्फ खेळणाऱ्यांमध्ये एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचा सारांश असा: अपंग खेळाडूंना कोर्स (गोल्फचं मैदान) खुला केला की त्यांच्या कार्टने, म्हणजे मैदानावरच्या छोट्या गाडीने, ग्रीनची (खळीभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीची) वाट लागणार, नियम वाकवावे लागणार, बरोबरी संपणार, खेळ रेंगाळणार, अख्खा कोर्स उकरावा लागणार, आणि एवढं करून येणार किती, तर बोटांवर मोजण्याइतके. शेवटी एक उदार सूचना: त्यांच्यासाठी वेगळा छोटा कोर्स बांधून द्या.

लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसेलही. पण हे लिहिण्याआधी तो एखाद्या ग्रीनकीपरशी, म्हणजे हिरवळ राखणाऱ्याशी, बोलला असेल, असं वाटत नाही.

कारण ग्रीनवर चाकं रोजच फिरतात. कित्येक कोर्सवर ग्रीनचं गवत बसून चालवायच्या यंत्राने कापतात. चालकासकट त्याचं वजन अर्ध्या टनाच्या घरात जातं. तरी गवत टिकतं, कारण टायर रुंद असतात, त्यांत हवा कमी असते, आणि भार पसरतो. एकट्या खेळाडूसाठी बनवलेली कार्ट याच तत्त्वावर चालते. तिचं आसन बाजूला वळतं. पॅरागोल्फरसारख्या यंत्रात तर कमरेखाली हालचाल नसलेल्या खेळाडूला पट्ट्यांच्या आधाराने उभं करून फटका मारता येतो. दोघांची नेहमीची कार्ट ग्रीनवर नकोच, हे मान्य. आणि भिजलेल्या जमिनीवर गर्रकन वळवली तर एकट्याची कार्टही गवत सोलते. पण तो चालवण्याचा प्रश्न झाला, प्रवेशाचा नाही.

नियमांचं म्हणाल, तर ते वाकवायची गरजच उरलेली नाही. 2023 पासून गोल्फच्या मूळ नियमावलीतच नियम 25 आहे, खास अपंग खेळाडूंसाठी. तो वाचण्यासारखा आहे, कारण त्यात दयामाया कुठे नाही, बारकावे मात्र भरपूर. अंध खेळाडूला मदतनीस रोख धरून उभा करू शकतो, आणि बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, चेंडूमागची वाळू क्लबला लागली तर दंड नाही. वाळू चाचपायची किंवा चेंडूची जागा सुधारायची मात्र नाही. व्हीलचेअरवरच्या खेळाडूचा चेंडू बंकरमध्ये अडकला, तर तो उचलून बाहेर मागच्या रेषेत टाकताना (ड्रॉप) त्याला एक दंड-फटका पडतो, इतरांना दोन. म्हणजे ज्या बंकरचा बाऊ करून ‘कोर्स उकरावा लागेल’ म्हणतात, त्याची एक वाट नियमानेच काढली आहे. फावडं न लावता.

‘कार्ट दिली की बरोबरी संपली’ हा मुद्दा तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आला. केसी मार्टिन या व्यावसायिक खेळाडूच्या उजव्या पायात जन्मजात रक्ताभिसरणाचा विकार. चालणं वेदनादायक आणि धोक्याचं. व्यावसायिक स्पर्धा भरवणारी पीजीए टूर ही संस्था त्याला कार्ट द्यायला तयार नव्हती, जरी तिच्याच ज्येष्ठांच्या स्पर्धांत कार्ट चालत होती. 2001 मध्ये न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी मार्टिनच्या बाजूने निकाल दिला. न्यायालयाचं म्हणणं: पाच तासांच्या चालीत साधारण 500 कॅलरी खर्च होतात, त्याने हार-जीत ठरत नाही; खेळ म्हणजे फटका. विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती स्कालिया म्हणाले की खेळाचे सगळेच नियम मनमानी असतात, मग यातला गाभा कोर्टाने कसा ठरवायचा? हा युक्तिवाद मला अजूनही फेकून देण्यासारखा वाटत नाही. पण त्यातून निघणारी भीती, की आता जो तो कार्ट मागेल, ती खरी ठरली नाही. मोठ्या व्यावसायिक स्पर्धांत आजही जवळजवळ सगळे चालतच खेळतात.

खर्च? अमेरिकेचे 2010 चे सुगम्यता निकष नवे बांधलेले किंवा बदल होणारे कोर्स धरून आहेत. मागणी काय, तर होलवर (कोर्सच्या एका टप्प्यावर) तीन किंवा जास्त टी, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागा, असतील तर निदान दोनवर कार्ट पोचावी, त्यांतली एक पुढची. कार्टची वाट किमान 122 सेंटीमीटर रुंद असावी. वाटेला कठडा असेल तर सुमारे 69 मीटरच्या आत कार्ट जाईल अशी फट ठेवावी. होलची लांबी, ग्रीनचा उतार, बंकरची खोली यांना कोणी हात लावत नाही. शिवाय जिथे गवत कापायचं यंत्र चढतं तिथे कार्टही बहुधा चढतेच. अडवतात त्या टीच्या पायऱ्या, कडेचे दगड आणि ‘कार्ट इथून पुढे नको’ म्हणून ताणलेल्या दोऱ्या. सगळ्या माणसांनीच लावलेल्या.

खेळ रेंगाळतो म्हणावं, तर ज्याला चार फटक्यांनी ग्रीन गाठता येत नाही आणि जो हरवलेला चेंडू शोधत बसतो, तो धडधाकटही रेंगाळतोच.

राहिले ‘बोटांवर मोजण्याइतके’. 2022 मध्ये अपंग खेळाडूंची पहिली यूएस अ‍ॅडॅप्टिव्ह ओपन स्पर्धा झाली, तिच्यात 96 खेळाडू होते. पुरुषांत जिंकला ऑटिझम असलेला सायमन ली, ज्याला रॅम्प लागतच नाही. स्त्रियांत जिंकली जन्मतः उजवं पाऊल नसलेली किम मूर. अपंगत्व म्हटलं की डोळ्यांपुढे फक्त व्हीलचेअर आणणाऱ्याचा हिशेब इथेच चुकतो. आणि वेगळ्या छोट्या कोर्सची सूचना करणाऱ्यासाठी एवढंच: ती स्पर्धा अमेरिकेतल्या पाइनहर्स्टच्या 6 नंबरच्या कोर्सवर झाली. 18 होलचा, एरवी सगळे खेळतात तोच.