आई, १६ नाही, ३० तास लागतात

गेल्या डिसेंबरात आई पहिल्यांदाच सांगलीहून आमच्याकडे न्यू जर्सीला आली. मुंबई ते नेवार्क थेट विमान, तिकीट मीच काढलेलं. फोनवर सांगितलं, "१६ तास गं, एक झोप झाली की आलंच."

घरी पोचली तेव्हा पाय सुजलेले. बटव्यातून कागदाची पुडी काढली, तर सकाळची बीपीची गोळी तशीच. म्हणाली, "उजाडलं की घेईन म्हटलं, पण उजाडलंच नाही गं."

खरंच उजाडलं नव्हतं. रात्री १ वाजता सुटलेलं विमान पश्चिमेकडे अंधाराच्या सोबतीनंच उडत राहिलं. उतरलं तेव्हा इथे पहाटेचे साडेसहा, तिच्या घड्याळात संध्याकाळचे ५. हे मी तिला आधी सांगायला हवं होतं.

नेटवर या दोन विमानतळांमधलं अंतर साधारण १२,५०० किलोमीटर दिसतं. ताशी ९०० नं भागलं की १४ तास. पण हे अंतर गोलावर ताणून धरलेल्या दोऱ्याचं. लेकीच्या पृथ्वीच्या गोलावर मी दोरा लावून पाहिला. पाकिस्तानातल्या क्वेट्याजवळून, रशियात मॉस्कोच्या आसपासून, आइसलँडवरून, ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाशी जातो. विमानाला ही वाट मोकळी कुठे आहे? पाकिस्तानची हवाई हद्द एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना बंद झाली आणि मुंबईहून आधी समुद्रावरून आखाताकडे वळणं आलं. अमेरिकन कंपन्यांना २०२२ पासून रशियावरून जाता येत नाही. त्यात १० किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेला सुसाटणारा वारा, जेट स्ट्रीम. हिवाळ्यात त्याला जोर जास्त. अमेरिकेला येताना तो तोंडावर, भारतात परतताना पाठीशी. म्हणून परतीला तास-दीड तास कमी लागतो.

एवढं सगळं निदान वेळापत्रकात धरलेलं असतं. घरापासूनचं कोण धरतं? आई सांगलीहून दुपारी १ ला गाडीत बसली, रात्री ९ ला विमानतळावर. मग चार तास तिथे, १६ तास हवेत, इमिग्रेशनच्या रांगेत आणि सामानासाठी दोन तास, वर घरापर्यंतची गाडी. साडेतीस तास झाले. त्यात पाठ टेकायला नाही.

परदेशात राहणाऱ्या माझ्यासारख्या सगळ्यांना कळकळीनं सांगते, आई-वडिलांना तिकिटावरचे तास सांगू नका. उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंतचे सांगा. आणि गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांना आधीच विचारून घ्या, विशेषतः इन्सुलिन असेल तर. व्हीलचेअर लाज न बाळगता मागा. पाचशे डॉलर वाचवायला सत्तरीतल्या माणसाला दोन ठिकाणी विमान बदलायला लावू नका, हे माझं स्पष्ट मत आहे.

पुढच्या महिन्यात आई परत येतेय. डॉक्टरांना विचारून मोठ्या अक्षरात चिठ्ठी लिहिली, भावाला ती गोळ्यांच्या डबीला चिकटवायला सांगितलीय: 'आपल्या घड्याळात ८ वाजले की गोळी. बाहेर अंधार असला तरी.'