रिटर्नची मुदत संपली, म्हणे!

"तुमच्या ऑर्डरची रिटर्न विंडो बंद झाली आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. आणखी काही मदत करू का?"

पहिली कुठली मदत केलीस म्हणून आणखी विचारतोयस, असं टाइप करायला हात शिवशिवत होता. पण चॅटमध्ये समोर माणूस नसतोय, मशीन असतंय. मशीनशी भांडून करायचं काय? म्हणून इथं लिहितोय. पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

विषय कुकरचा. भाचीचं लग्न ठरलं तेव्हा संसाराची भांडी मामाकडनं, असं मी सगळ्यांसमोर बोलून बसलो होतो. बाकीचं सगळं अक्काला घेऊन महाद्वार रोडला घेतलं. तिनं दुकानात बसून एकेक पातेलं वाजवून बघितलं, डब्यांची झाकणं लावून-काढून बघितली, दुकानदार वैतागला तरी ही हलली नाही. पाच लिटरचा स्टीलचा कुकर तेवढा तिच्या मनासारखा मिळेना, तो ऑनलाइन मागवला. अठराशेच्या आसपास पडला. खोका आला तो तसाच, टेप न काढता, रुखवतात मांडला. रुखवतातला खोका कोण फोडून बघतंय? लग्न झालं, पोरगी गारगोटीला सासरी गेली. मग पूजा, अंबाबाईला आणि जोतिबाला जाऊन येणं, पाहुण्यांची जेवणं. नवा कुकर गॅसवर चढायला चांगलाच उशीर झाला. आणि फोन आला.

"मामा, शिट्टीच होईना ओ. नवी रिंग घालून बघितलो, तरीबी कडेनं वाफ जातीया."

इथनं पुढं खरी गंमत. अक्काचं म्हणणं, गप बस, कुणाला काय सांगू नकोस, मी पैसे देते, तिला गुपचूप दुसरा घेऊन दे. मामानं बिघडका कुकर दिला असं सासरी नको व्हायला. मला वाटतं, खराब माल खपवणाऱ्यांचा निम्मा धंदा आपल्या ह्या स्वभावावर चालतोय. आहेराची वस्तू परत कशी मागायची, हजार-दीड हजारासाठी कुठं भांडत बसायचं, लोक काय म्हणतील. शेवटी विहीणबाईच म्हणाल्या, "त्यात लाजायचं काय? पैसे मोजल्यात नव्हं?" बाई एकदम रोखठोक. कुकर एसटीनं कोल्हापुरात परत आला.

लक्ष्मीपुरीत एका कुकर रिपेरीवाल्याकडं नेला. त्यानं रिंग काढली, कुकरच्या काठावरनं बोट फिरवलं. मग भांडं पालथं करून दुकानातल्या फरशीवर ठेवलं आणि दोन बाजूंनी दाबलं. टकटक, टकटक. डुलत होतं. "ह्याचं तोंडच सरळ न्हाई. रिंगा किती बी बदला, वाफ जाणारच." बुडाचा शिक्का वाचला आणि मला विचारलं, "आयएसआय कुठाय?"

बुडावर ब्रँडचं नाव होतं, पाच लिटर लिहिलेलं होतं, 'फूड ग्रेड' होतं. आयएसआयचा पत्ता नव्हता. तिथंच उभ्या उभ्या मोबाईलवर ती विक्रीची पानं उघडली. पहिल्याच फोटोत आयएसआयचा शिक्का ठसठशीत! लगेच स्क्रीनशॉट मारला. ह्या एका स्क्रीनशॉटनं पुढं जेवढं काम केलं तेवढं माझ्या सगळ्या तक्रारींनी मिळून केलं नाही.

कुकरला आयएसआय असला तर बरा, असं नसतंय मंडळी. सक्तीचा आहे. घरगुती प्रेशर कुकरवर केंद्र सरकारचा गुणवत्ता नियंत्रण आदेश फेब्रुवारी 2021 पासून लागू आहे. शिक्क्याशिवाय कुकर बनवायचा नाही, आयात करायचा नाही, विकायचा नाही. दुकानात नाही, ऑनलाइन तर नाहीच. खऱ्या शिक्क्यावर वर मानकाचा क्रमांक असतो, कुकरला आयएस 2347, आणि खाली 'सीएम/एल' लिहून पुढं परवान्याचे आकडे. ते आकडे बीआयएस, म्हणजे हा शिक्का देणारी सरकारी संस्था, तिच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकले की परवाना कुणाचा, चालू आहे का बंद, सगळं दिसतंय. फुकट आहे. घरातला कुकर आत्ता उठून पालथा करून बघा, पोस्ट कुठं पळून जात नाही.

आमच्या कुकरची शिट्टी होत नव्हती हे आमचं नशीबच. तसल्याच घाईत ठोकलेल्या कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह वेळेला उडाला नसता तर काय, हा विचार मनात आला तेव्हापासून माझा सूर बदलला. तोपर्यंत मला पैसे परत हवे होते. त्यानंतर ते पान तिथनं उतरलेलं हवं होतं.

आता मुदतीचं. माझं मत स्पष्ट आहे. सात दिवस, दहा दिवस ही जी रिटर्नची मुदत छापलेली असते ती त्यांनी आपल्या धंद्यासाठी ठरवलेली सवलत आहे. रंग आवडला नाही, माप चुकलं, मन बदललं, तर एवढ्या दिवसांत सांगा. ठीक आहे, त्यांचा नियम, त्यांनी ठरवावा. पण वस्तू मुळातच सदोष असली, किंवा जाहिरातीत एक आणि खोक्यात दुसरंच निघालं, तर तो हक्क त्या सात दिवसांतनं येत नाही, आणि त्यांच्याबरोबर संपतही नाही. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांत लिहिलंय की माल सदोष, बनावट किंवा जाहिरातीत सांगितलेल्या गुणांचा नसेल तर विक्रेत्यानं तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार द्यायचा नाही. ग्राहक आयोगात तक्रार करायला कायद्यानं दोन वर्षं दिलीत. दोन वर्षं कुठं आणि सात दिवस कुठं! चॅटवाला मात्र दोन्हीची अशी भेसळ करून सांगतो की माणूस 'आपलीच चूक' म्हणून फोन खाली ठेवतो.

ॲपवर 'रिटर्नचं कारण निवडा' म्हणून यादी येते, ती बघितलीय का नीट? मुदतीनंतर ती यादीच दिसत नाही. बटण गायब. बटण नाही म्हणजे हक्क नाही, असं आपण धरून चालतो. तिथंच ते जिंकतात.

मग मी काय केलं? चॅटवर वाद घालणं बंद केलं. ह्या साइटवर पानाच्या अगदी तळाशी, डोळ्याला ताण देऊन वाचावं लागेल अशा अक्षरात तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि ईमेल असतोय. असणं बंधनकारक आहे. त्या माणसानं 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं, असा नियम आहे. तक्रारीला तिकीट नंबर द्यायचा, हाही नियम आहे. मराठीतच मेल लिहिला. ऑर्डर नंबर, बिल, बुडाचा फोटो, त्यांच्याच पानाचा स्क्रीनशॉट, फरशीवर डुलणाऱ्या कुकरचा छोटा व्हिडिओ. टोमणे एकही नाही. फार जड गेलं, कोल्हापुरी माणूस आहे शेवटी.

त्याच मेलमध्ये एक मागणी टाकली, जी फार कमी लोकांना माहीत आहे. खरेदीनंतर ग्राहकानं लेखी मागितलं तर विक्रेत्याचा मुख्य पत्ता, शाखांचे पत्ते, ईमेल, संपर्काची सगळी माहिती त्या साइटनं द्यावी लागते. 'आम्ही फक्त प्लॅटफॉर्म आहोत, विक्रेत्याशी बोला' असं म्हणणाऱ्याला विचारायचं, बोलतो की, पत्ता द्या लेखी. इतके दिवस विक्रेता म्हणजे स्क्रीनवरचं एक इंग्रजी नाव होतं. पत्ता मागितल्यावर त्या नावाला अचानक जीव आला. विक्रेत्याकडनंच फोन. "सर, चारशे रुपये टाकतो, कुकर ठेवून घ्या, विषय संपवा."

म्हणजे कुकर खराब आहे हे त्यालाही मान्य. तरी तो माझ्याच स्वयंपाकघरात राहू दे, म्हणतोय.

'आम्ही फक्त प्लॅटफॉर्म' ह्या पालुपदाबद्दल अजून एक. 2022 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नेमक्या ह्याच मालावरनं, आयएसआय नसलेल्या प्रेशर कुकरवरनं, दोन बड्या ऑनलाइन कंपन्यांना प्रत्येकी एक लाखाचा दंड लावला होता. एकीला 2,265 कुकर आणि दुसरीला 598 कुकर विकत घेणाऱ्यांना कळवून माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला सांगितलं. प्राधिकरणाचा मुद्दा साधा होता. प्रत्येक विक्रीवर कमिशन घेता, मग हात कसे झटकता? दोन्ही कंपन्या त्यावर दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, तो त्यांचा हक्क. पण तो प्रश्न मला कुकरच्या शिट्टीसारखा ऐकू येतो. एक लाख म्हणजे त्यांच्यासाठी चहापाणी, हेही खरंच.

आता कमेंटमध्ये काही जण लिहिणारच, "म्हणून सांगतो, लोकल घ्या." थांबा जरा. अक्कानं वाजवून घेतलेलं एक पातेलं गळकं निघालं असतं तर महाद्वार रोडच्या त्या दुकानदारानं मुकाट्यानं बदलून दिलं असतं, मान्य. पण का? कारण अक्काला तो वीस वर्षं ओळखतो. आपल्याकडं सगळं ओळखीवर चालतंय. कुठलं गाव, कुणाचे कोण, अमक्याचे पाव्हणे का, मग द्या बदलून. चंदगडहून आलेला अनोळखी माणूस तेच पातेलं घेऊन गेला तर त्याला भिंतीवरची पाटी दाखवली जाते, 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. ती पाटीही कायद्यापुढं टिकत नाही. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, तशी मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत परत घेऊन पैसे न देणं ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलच न देणं हीसुद्धा. आणि आपण काय करतो? "पक्कं बिल नको, जीएसटी लागतोय" म्हणून चार पैसे वाचवतो आणि भांडायचं हत्यार काउंटरवरच ठेवून येतो. ऑनलाइनमध्ये ओळख नाही, पण बिल, तारीख, फोटो सगळं मोबाईलमध्ये पडून असतंय. निदान एवढ्या बाबतीत ते बाजारापेक्षा ग्राहकाच्या सोयीचं आहे, हे मी त्यांच्यावर चिडलेला असूनही म्हणतो.

मेलवर पोच आली, मग नुसतं 'आम्ही तपास करत आहोत'. महिना उलटला तसा 1915 ला फोन लावला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलतात. ते निकाल देत नाहीत, कंपनीपर्यंत तक्रार पोचवून मिटवायला बघतात, एवढं समजून फोन करा. तरी फरक पडतो. मला पलीकडनं 'सर सर' सुरू झालं ते त्यानंतरच. तिथंही मिटलं नसतं तर जिल्हा ग्राहक आयोग होताच. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनी बंगळुरूची का असेना. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. वकील लावायची सक्ती नाही. अर्ज घरबसल्या ई-जागृती पोर्टलवर भरता येतो. आणि अक्काची शंका होती की कुकर तू घेतलास, वापरला पोरीनं, मग तक्रार चालेल का? चालते. घेणाऱ्याच्या संमतीनं वापरणाराही कायद्यात ग्राहकच आहे. रुखवताचं असो नाहीतर बारशाचं.

शेवटी साइटवाले कुकर परत घ्यायला तयार झाले. तो न्यायला जो पोरगा आला तो बिचारा भर उन्हात जिना चढून आला आणि म्हणाला, "मूळ खोका पायजे, न्हाईतर ॲप घेत न्हाई." खोका गारगोटीला, त्यात विहीणबाईंनी शेंगा भरून ठेवलेल्या. त्या पोराशी भांडू नका, कृपा करून. त्याच्या हातात काही नसतंय, नियम वरच्यांचा, शिव्या खाणार हा. त्याला पाणी दिलं, कुकर आणि त्याच्या मोबाईलवरचा नकार दोन्हींचा एका फ्रेममध्ये फोटो काढला आणि तक्रारीला जोडला. पुढच्या खेपेला खोक्याशिवाय नेला.

पैसे पूर्ण आले. आल्यावर विक्रेत्याचा परत फोन, "सर, आता तेवढा रिव्ह्यू काढा की." काढला नाही. त्यात मी शिवी दिलेली नाही, बुडाचा फोटो आहे आणि दोन ओळी आहेत.

भाचीला नवा कुकर घेतला, ह्या वेळी दुकानात, पालथा करून, सीएम/एलचे आकडे ॲपमध्ये टाकून. दुकानदार बघतच राहिला.

पण ते जुनं पान उतरल्यावर आठवडाभरात तोच फोटो, तोच शिक्का, वेगळ्या विक्रेत्याच्या नावानं त्याच साइटवर परत आलाय. बीआयएस केअर ॲपवर तक्रार टाकलीय, 1915 च्या जुन्या तक्रारीलाही लिंक जोडलीय. उत्तर आलं की इथंच खाली टाकतो. तोवर कुणी तसला कुकर घेतला असेल तर बुडाचा फोटो काढून मला इनबॉक्स करा, एकाच मेलमध्ये सगळ्यांचे पाठवू.