खिडकी लावून घ्या, पाऊस आत येतोय

गणपतीला पंधरा दिवस उरलेत आणि आजोबांच्या सागवानी कपाटाकडे बघवत नाही. पॉलिशवाल्या मिस्त्रीनं सांगितलेला आकडा ऐकून तुम्ही त्याला चहा न देताच वाटेला लावलंत, हे उत्तम केलंत. मोबाइलवर दोन व्हिडिओ बघून झाले आहेत, हात शिवशिवताहेत. तेव्हा कामाला लागा. घरच्या घरी पॉलिश करण्यात अवघड असं काहीही नाही.

सगळ्यात आधी जागा. बिल्डरनं 'ड्राय बाल्कनी' म्हणून दिलेली आणि तुम्ही स्लायडिंग खिडक्या लावून बंदिस्त केलेली ती चार बाय सात फुटांची खोली याच कामासाठी देवानं घडवली आहे. वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर, मुलाची पंक्चर सायकल आणि रद्दी यांच्यामधून कपाट आत सरकलं, की वर्कशॉप तयार. बाहेर श्रावणाची सर आहे, ओल्या हवेनं पॉलिशवर पांढुरके डाग पडतात असं व्हिडिओतल्या माणसानं बजावलंय. तेव्हा खिडकी घट्ट लावून घ्या. स्वयंपाकघराचं दारही लोटून घ्या, नाहीतर वास घरभर जाईल. वास तुमच्या एकट्याच्या वाट्याला यावा, ही त्यागाची भावना आपल्या संस्कृतीत आहेच.

आता खरेदी. हार्डवेअरच्या दुकानात जाऊन "एक लिटर थिनर द्या, चांगला" एवढंच म्हणा. त्यात काय आहे हे विचारू नका. दुकानदारालाही ते माहीत नसतं आणि माणसाला उगाच पेचात पकडणं बरं नव्हे. बहुधा टोल्युईन असेल, अॅसिटोन असेल, एखाद्या स्वस्त मालात मेथॅनॉलही असेल. तो पिंपातून सुटं काढून कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत ओतून देईल, ती बाटली तशीच घरी आणा आणि फ्रिजशेजारी ठेवा. रंगानं पाण्यासारखं, बाटली ओळखीची. मेथॅनॉलचं शरीरात फॉर्मिक अॅसिड होतं आणि ते डोळ्यांच्या नसेवर उठतं. जेमतेम दोन चमचे, दहा मिलीलिटर, तेवढ्यानंही दृष्टी जाऊ शकते. 2015 च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून जास्त माणसं गेली ती याच मेथॅनॉलनं. पण ती दारू होती आणि हे तर पॉलिशचं सामान आहे. पोटाला हा भेद समजतो, अशी आपली श्रद्धा आहे.

आणि समजा टर्पेंटाइनच्या बाटलीतून धाकट्यानं घोट घेतलाच, तर शेजारच्या काकू मिठाचं पाणी घेऊन तयार असतात. त्यांना ओकारी काढू द्या. असलं पातळ तेल एकदा गिळताना आणि एकदा ओकताना, असं दोनदा घशापाशी येतं, म्हणजे फुप्फुसात उतरायच्या संधी दोन. डॉक्टर म्हणतात उलटी काढू नका, बाटली घेऊन थेट दवाखान्यात या. डॉक्टरांना काय, त्यांना पेशंट हवेच असतात.

असो. कपाटावर 1980 च्या सुमाराचा हिरवा ऑइलपेंट आहे, तो आधी उतरवायला हवा. घासत बसलात तर चार दिवस जातील, म्हणून रिमूव्हर आणा. डब्यावर बारीक अक्षरांत मेथिलीन क्लोराइड असं लिहिलेलं असलं, तर माल अस्सल आहे असं समजा. लावल्यावर दहा मिनिटांत रंग पापडासारखा फुगून येतो, बघत राहावंसं वाटतं. अगदी जवळून बघा. हे द्रव्य चाळीस अंशांलाच उकळतं, म्हणजे आपल्या बाल्कनीत ते डब्याबाहेर यायला उतावीळच असतं. श्वासातून आत गेलं की यकृत त्याचा कार्बन मोनॉक्साइड करतं. होय, तोच. बंद बाथरूममधल्या गॅस गीझरच्या बातमीतला. गीझरला निदान ज्योत लागते, इथे तुम्ही स्वतःच गीझर होता, तेही विनाज्योत.

अमेरिकेत जुन्या बाथटबचा रंग खरवडणारे कारागीर असतात. बंद न्हाणीघरात, टबात डोकं घालून हेच रिमूव्हर वापरताना 2000 ते 2011 या काळात त्यांच्यातले किमान तेरा जण मेले. मग 2019 मध्ये तिथल्या सरकारनं घरगुती गिऱ्हाइकाला हे विकायलाच बंदी केली. किती ही भित्री जात! तुमच्याकडे तर बाथटब नाही, कपाट आहे. फक्त खालच्या कप्प्याचा रंग काढताना डोकं आत घालावं लागेल, आणि ही वाफ हवेपेक्षा जवळजवळ तिप्पट जड असल्यानं ती खालच्या कप्प्यातच बसलेली असेल, एवढाच काय तो योगायोग.

"पण वास आला की कळेल ना!" असं तुम्ही म्हणणार, मला माहीत आहे. मीही हेच म्हणत आलोय. आपल्याकडे घरातल्या सगळ्या धोक्यांचा निवाडा नाकाकडे असतो. दूध नासलंय का, गॅस सुटलाय का, पाहुण्यानं घेतलीय का. तेव्हा थिनरचा खटलाही नाकापुढेच चालवा. मेथिलीन क्लोराइडसाठी अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा खात्यानं 1997 मध्ये ठरवलेली मर्यादा होती हवेच्या दहा लाख भागांत 25 भाग. नाकाला तो वास साधारण दोनशे-तीनशे भागांच्या पुढे लागतो. म्हणजे न्यायाधीश जागे होऊन "ऑर्डर" म्हणेपर्यंत आरोपी आठ-दहा वेळा गुन्हा करून मोकळा झालेला असतो. बरं, थिनरचा वास तरी पहिल्या श्वासाला येतो. पण दहा-पंधरा मिनिटांनी तो कमी होतो. तुम्हाला वाटतं हवा खेळायला लागली. हवा तिथेच असते, नाकानं राजीनामा दिलेला असतो.

यापुढचा भाग मला फार आवडतो. नाकानंतर निकाल द्यायला उरतो तो मेंदू, आणि थिनर पहिल्यांदा चढतं ते मेंदूलाच. भूल देणाऱ्या औषधांच्या जातीतलीच ही मंडळी. सुरुवातीला जरा हलकं वाटतं, जुनी गाणी आठवतात, ब्रशचा हात झकास फिरतोय असं वाटतं. मग कपाळ ठणकतं, मळमळतं. आता इथे थांबावं की नाही, हे ठरवायचं कुणी? ज्याला चढलीय त्यानं. पिऊन तर्र झालेल्या माणसाला "गाडी चालवू शकशील ना?" असं विचारण्यासारखंच हे, आणि उत्तरही तेच मिळतं: "मला काय झालंय?" मळमळीसाठी कारणं तयार ठेवा. पित्त झालं. सकाळी नाश्ता नाही. चतुर्थीचा उपास बाधला. चष्म्याचा नंबर बदलला. थिनर सोडून कशाचंही नाव घ्या.

मी स्वतः एकदा दहा बाय आठच्या खोलीत दार लावून दोन खुर्च्या पॉलिश केल्या होत्या. तिसऱ्या तासाला खुर्चीचे पाय मोजले तर पाच भरले. मी पुन्हा मोजले, तरी पाच. मला वाटलं, सुतारानं फसवलं. बायकोनं दार उघडून बाहेर ओढलं, तेव्हाही मी सुताराचाच उद्धार करत होतो.

संरक्षणाचं काय, असं विचारणाऱ्यांसाठी करोनातला एन-95 कपाटावरच पडलेला असेल, तो लावा. तो कण अडवतो, वाफ अडवत नाही, पण आरशात तुम्ही जबाबदार दिसता. वाफेसाठी कोळशाच्या डबीचा मास्क वेगळा मिळतो. तो महाग असतो, डबी ठरावीक काळानं बदलावी लागते आणि मेथिलीन क्लोराइड तर ती डबीही लवकर ओलांडून जातं. त्यापेक्षा गूळ खा. गिरणीत आणि फाउंड्रीत गूळ वाटत, रंगाऱ्याला मुकादम दूध-केळं देत, ते काय उगाच? गूळ अन्ननलिकेतून जातो आणि वाफ श्वासनलिकेतून, दोघांची आयुष्यात गाठ पडत नाही, ही शरीरशास्त्रातली किरकोळ अडचण. शिवाय मालकाला खिडकीपेक्षा गूळ नेहमीच स्वस्त पडत आलाय.

काम झालं की हात थिनरनंच धुवा. साबणानं अर्धा तास लागतो, थिनरनं अर्धं मिनिट, आणि कातडीचं तेल निघून गेल्यावर बाकीचं थिनर आत शिरायला वाट मोकळी. स्वयंपाकघरातले पातळ रबरी मोजे घालायचे असतील तर घाला, पाच मिनिटांत ते लोण्यासारखे मऊ होतात. मुलाच्या सायकलची चेनही याच हातानं पेट्रोलमध्ये बुडवून टाका. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये बेंझिन एक टक्क्यापर्यंत चालतं. बेंझिनची ख्याती मोठी आहे. 1970 च्या दशकात इस्तंबूलमधल्या मुझफ्फर अक्सॉय या डॉक्टरांच्या लक्षात आलं, की ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, घेऊन येणाऱ्यांत चांभारकाम करणारे फार दिसतात. अंधाऱ्या, कोंदट गाळ्यांत बसून बेंझिनचा डिंक चोपडणारी ती माणसं. त्यांनाही वासाची सवय झाली होती.

सवयीवरून आठवलं. डेन्मार्कमध्ये रंगाऱ्यांच्या आजाराला नावच पडलं होतं. वर्षानुवर्षं थिनर-टर्पेंटाइनमध्ये काम केलेली माणसं चाळिशी-पन्नाशीतच विसरायला लागत, चिडचिडी होत, साधा हिशेब चुकवत. तिथे 1970 च्या दशकापासून त्यावर अभ्यास झाले, भरपाईचे दावे झाले आणि पाण्यातले रंग पुढे आले. आपल्याकडचा रंगारी तीस वर्षांनी घरमालकाचं नाव विसरला, की आपण म्हणतो, "पितो हो तो." आणि तो खरंच पीत असतो, म्हणून कुणी पुढे चौकशी करत नाही.

तुम्ही काही तीस वर्षं करणार नाही, एकच कपाट करणार. बरोबर. मग आता आवराआवर करू. शेवटचा हात जवसाच्या तेलाचा दिलात ना? त्या तेलकट चिंध्या बोळा करून कोपऱ्यात, रद्दीवर टाका. जवसाचं तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन ओढतं आणि तापतं, बोळ्याच्या पोटात ती ऊब साठत जाते आणि काही तासांनी कुणी काडी न लावता चिंधी पेटते. 23 फेब्रुवारी 1991 ला फिलाडेल्फियातल्या वन मेरिडियन प्लाझा या अडतीस मजली इमारतीत बाविसाव्या मजल्यावर अशाच तेलकट चिंध्या राहून गेल्या होत्या. आग अठरा तासांहून जास्त चालली, तीन अग्निशामक जवान गेले. चिंध्या दोरीवर एकेक सुट्या वाळत घालणं किंवा पाण्यात बुडवून ठेवणं, एवढंच करायचं होतं. पण बाहेर पाऊस आहे आणि दोरीवर तुमचे शर्ट आहेत.

थिनरच्या डब्याचं झाकण सापडत नाहीये ना? राहू दे. वर पुठ्ठा ठेवा. वाफ जड असते, ती काही उडून जात नाही. पाण्यासारखी जमिनीवरून पसरते, दाराच्या फटीखालून हॉलमध्ये येते, फ्रिजच्या मागे जाते, जिथे कॉम्प्रेसर सुरू होताना कधीकधी एक बारीक ठिणगी उडते. अॅसिटोनला पेटायला ऊन लागत नाही, शून्याखाली पंधरा-वीस अंशांवरही त्याची वाफ पेट घेते. श्रावणातलं पुणं त्याला फारच उबदार.

तोवर बेल वाजेल. कपाट बघायला मावशी आणि काका आलेले असतील. काका कपाटावरून बोट फिरवून म्हणतील, "वा, आरसा केलास की रे!" मावशी मात्र उंबरठ्यातच थबकून पदर नाकाला लावेल.

"कसला रे वास येतोय एवढा?"

"वास? मला तर काहीच येत नाही."

आणि ते खरं असेल. तिला आत घ्या, पंख्याखाली बसवा. तिन्हीसांज झालीय, देवापाशी दिवा लावायचा राहिलाय. काडेपेटी मावशीच्या हातात द्या.