म्हणे स्टीलहेड फक्त डिसेंबर-जानेवारीतच येतात!

पोर्टलंड-सिएटलकडच्या मराठी ग्रुप्सवर सध्या एक मेसेज फिरतोय. स्टीलहेड, म्हणजे समुद्रात जाऊन आलेले रेनबो ट्राउट मासे, समुद्रातून नदीत येतात ते फक्त डिसेंबर-जानेवारीत, कारण उन्हाळ्यात पाणी कोमट असतं आणि त्यात अंडी जगत नाहीत. उन्हाळ्यात दिसतात ते सगळे हॅचरीतून, म्हणजे माशांची पैदास करणाऱ्या केंद्रातून, सोडलेले. अंडी घातली की सॅमनसारखेच मरतात. आणि बघायचे असतील तर ख्रिसमसच्या सुट्टीत कोलंबिया नदीवरच्या बॉनविल धरणावर जा. खाली "सर्वांना पाठवा" आहेच. सगळंच खोटं आहे असं नाही, पण दोन-चार नद्यांचं वेळापत्रक उचलून अख्ख्या पॅसिफिक किनाऱ्याला लावलंय आणि तिथेच सगळा घोळ आहे.

विंटर रन, म्हणजे हिवाळ्यात झुंडीने नदीत शिरणं, असतो, कोण नाही म्हणतंय. साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, म्हणजे तोही काही दोन महिन्यांचा खेळ नाही. ओरेगन-वॉशिंग्टनच्या किनाऱ्यालगतच्या छोट्या नद्यांमध्ये पाऊस पडून पाणी चढलं की हे मासे आत शिरतात, शिरतानाच त्यांची अंडी तयार होत आलेली असतात, थोडं वर जायचं, अंडी घालायची, झालं. पण मे ते ऑक्टोबर समर रन, म्हणजे उन्हाळ्यातला, पण असतो, आणि कॅस्केड पर्वताच्या पलीकडे, म्हणजे कोलंबिया नदीच्या वरच्या भागात नि स्नेक नदीत जाणारे जवळजवळ सगळे मासे समर रनचेच. आयडाहोत स्टॅन्लीजवळ सॅमन नदीच्या उगमाकडे जायचं तर समुद्रापासून १,४०० किमीच्या आसपास अंतर, जवळपास २,००० मीटर चढ, वाटेत ८ धरणं. एवढं सगळं पार करून वसंतात अंडी घालायची तर आदल्या उन्हाळ्यातच निघायला लागणार ना, जानेवारीत निघून कसं जमेल?

आता कोमट पाण्याचा मुद्दा. अंड्यांना थंड पाणी लागतं हे अगदी बरोबर, पण समर रनचे मासे उन्हाळ्यात अंडी घालतात असं सांगितलं कोणी? दोन्ही रनचे मासे अंडी घालतात ती हिवाळ्याच्या शेवटापासून वसंतापर्यंतच. समरवाल्यांचं म्हणजे लग्न मार्चमध्ये आणि पाहुणे आदल्या जूनपासून मुक्कामाला. नदीत शिरतात तेव्हा त्यांची अंडी कच्ची असतात, अंगात चरबी भरपूर, आणि त्या चरबीवर ते महिनोन् महिने काढतात. ओरेगनमधल्या नॉर्थ अम्पक्वा नदीच्या खोऱ्यात स्टीमबोट क्रीक आहे, तिथला बिग बेंड पूल नावाचा डोह बघा. भर उन्हाळ्यात क्रीकचं पाणी तापतं, पण या डोहात बाजूच्या ओढ्याचं गार पाणी येऊन मिळतं, म्हणून शेकडो मासे तळाशी एकमेकांना चिकटून नुसते उभे असतात, मधेच एखादा उडी मारतो नाहीतर कूस बदलतो, बाकी हालचाल नाही. शरदातला पाऊस येऊन पाणी वाढेपर्यंत हेच. कोलंबियात पण तेच, पाणी २० अंशांच्या वर गेलं की डेशूट्ससारख्या गार उपनद्यांच्या तोंडाशी घुसून बसतात. त्यामुळे ऑगस्टमध्ये खालचं धरण ओलांडलेला मासा आयडाहोत कधी ऑक्टोबरमध्ये पोचतो तर कधी थेट पुढच्या वसंतात.

आणि लवकर यायचं की उशिरा हे मासा हवा बघून ठरवत नाही. २०१७ मध्ये छापून आलेल्या एका जनुकीय अभ्यासात, लवकर नदीत शिरण्याचा संबंध जनुकसंचातल्या एका छोट्याशा भागाशी निघाला, जीआरईबीवनएल नावाच्या जनुकाजवळच्या. म्हणजे समर रन ही कुठल्या हॅचरीवाल्याच्या डोक्यातून निघालेली भानगड नाही.

तरी हॅचरीवाल्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, आणि मला वाटतं मेसेज पोर्टलंडच्याच माणसाने लिहिलाय. ओरेगन सिटीला विलामेट नदीवर जो धबधबा आहे तो साधारण १२ मीटर उंच. फिश लॅडर, म्हणजे मासे चढायला बांधलेल्या पायऱ्या, नव्हत्या तेव्हा हिवाळ्यात नदी फुगली तरच स्टीलहेड तो चढू शकायचे, उन्हाळ्यात नाही. म्हणून धबधब्याच्या वरचे मूळचे मासे विंटरचे, आणि तिथले समरवाले खरंच नंतर आणून सोडलेले, वॉशिंग्टनच्या स्कमेनिया वाणाचे. विलामेटपुरतं ठीक. पण ओरेगनच्या सिलेट्झ नदीला? नॉर्थ अम्पक्वाला? आयडाहोला? तिथे समर रन मूळचाच आहे. हॅचरीचा मासा ओळखायला महिना बघायची गरजच नाही. पाठीवर शेपटीच्या अलीकडे जो छोटा मांसल पर असतो, अॅडिपोज फिन, तो सहसा हॅचरीत पिल्लू असतानाच कापून टाकतात. पर शाबूत असेल तर मासा बहुतेक जंगली, मग तो जुलैत दिसो की जानेवारीत.

अंडी घातली की मरतात, हा नेहमीचाच गैरसमज. पॅसिफिक सॅमन मरतात, स्टीलहेड मरायलाच पाहिजेत असं नाही. अंडी घालून परत समुद्राकडे निघालेल्या माशाला केल्ट म्हणतात, आणि त्यातले काही पुढे पुन्हा अंडी घालायला येतात. प्रमाण कमी आहे हे खरं, स्नेकसारख्या धरणांनी भरलेल्या नदीत तर फारच कमी. मुळात हा रेनबो ट्राउटच, जात तीच, फक्त समुद्रात जाऊन आलेला.

राहिली ख्रिसमसची ट्रिप. बॉनविलवरून जाणारे मासे बहुतांश वर चाललेले समर रनचे, त्यांची गर्दी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. डिसेंबरमध्ये धरणावरच्या मासे बघायच्या खिडकीसमोर उभे राहिलात तर हिरवट पाणी आणि नशीब असेल तर एखाददुसरा मासा. तिथे रोज किती मासे गेले ते आकडे ऑनलाइन असतात, निघायच्या आधी फोनवर बघा. पोरांना दाखवायचं असेल तर सप्टेंबरच्या सुरुवातीला लेबर डेच्या वीकेंडला न्या, तेव्हा चिनूक सॅमन पण चढत असतात, एका खेपेत दोन्ही दिसतील.